सुकट आमची, वास त्यांचा

गेल्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आम्ही वलीम्याला गेलो होतो. जेवणे उरकली होती, मंडपात पान-सुपारी फिरत होती, आणि दुबईहून सुट्टीवर आलेला एक तरुण किस्से सांगत होता. त्याच्या कंपनीतला एक फिलिपिनी मेकॅनिक म्हणे दर पगाराला जबल अलीहून बस बदलत बदलत सतव्यात जातो. कशासाठी? तर सुक्या मासळीच्या एका पाकिटासाठी! ते पाकीट तव्यावर पडले की सगळा मजला नाक धरतो आणि हा पठ्ठ्या भाताबरोबर एकेक मासा चोखत बसतो. "चाचा, खाताना रडत होता तो, अल्लाची कसम!" असे त्या पोराने सांगितले आणि मंडप हसला.

आम्हीही हसलो. तो हसण्याचा आवाज रात्री घरी आल्यावरही कानातून गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहोत. कारण त्या मंडपात हसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे तरी आखातात राहून आलेले होते. त्यांच्या ट्रंकांत काय असायचे ते आम्हाला ठाऊक आहे. तीन तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले सुके बोंबील, डब्यात दाबून भरलेली सुकट, सोडे, आमसुले, तांदळाचे पीठ, आंब्याचे साठ. सहार विमानतळावर वजन जास्त झाले की आम्ही कपडे काढून भावाच्या हाती देत असू, पण बोंबील काढत नसू. मग आमचा बोंबील तो वतनची याद आणि त्यांचा मासा तो विनोद, हा न्याय कुठला?

आधी तो मासा काय आहे ते पाहू, कारण हसणाऱ्यांपैकी कुणीही तो खाल्लेला नाही. त्याला ते 'तुयो' म्हणतात. तारली-हेरिंगच्या कुळातली लहान मासळी मिठात मुरवून उन्हात वाळवायची आणि तळून सकाळी लसूण घातलेल्या परतलेल्या भाताबरोबर, बाजूला व्हिनेगर घेऊन खायची. गरिबाची न्याहारी. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या बंद झाला की भाजलेला बोंबील आणि भाकरी खातात, त्याच जातीची. दुसरी त्यांची चीज म्हणजे 'बागोओंग'. हिच्या नावाने तर आमची मंडळी शिव्याच घालतात. ही बारीक कोळंबी मिठात आंबवून केलेली गुलाबी-करडी चटणी असते. ती कोळंबी म्हणजे आपल्या जवळ्याचीच भावकी. आपण जवळा उन्हाला देतो, ते मिठाला देतात, एवढाच फरक.

आणि आंबट! फिलिपिनी माणसाच्या जिभेचे दैवत आंबट. 'सिनिगांग' हे त्यांचे आंबट कालवण. मासळी, कोळंबी किंवा मांस, त्यात चिंच नाहीतर 'कामियास' नावाचे फळ. कामियास म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपल्या कोकणातले, घरामागच्या झाडाला खोडापासून लगडणारे बिंबल. डोरीन फर्नांडिस ही त्यांची पाकसंस्कृतीवर लिहिणारी मोठी लेखिका २००२ साली वारली. फिलिपिनी चवीचा खरा प्रतिनिधी जगाला माहीत असलेला 'आडोबो' नसून सिनिगांग आहे, असे तिचे म्हणणे होते. त्यांच्या रोजच्या ताटात शेवग्याचा पाला आहे, कारले आहे, वांगे आहे, मूग आहेत (मुगाला ते 'मुंगो' म्हणतात आणि कॅथलिक घरांत ते शुक्रवारी शिजतात), नारळाचे दूध आहे, तांदळाच्या गोड वड्या आहेत, कच्च्या पपईचे 'आचारा' नावाचे लोणचे आहे. आचारा हा शब्द कुठून गेला असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. कुणाचे आभार मानायचे तर ते 'सलामात' म्हणतात. हा शब्द अरबीतून मलायमार्गे त्यांच्याकडे गेला असे भाषेचे अभ्यासक मानतात. १५७१ मध्ये स्पेनने मनिला घेतली तेव्हा तिथे राज्य करणारा राजा सुलेमान नावाचा होता.

हे सगळे माहीत नसणे हा गुन्हा नाही. आम्हालाही माहीत नव्हते. पण माहीत नसताना नाक मुरडण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला?

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायला जड जाते, तरी सांगतो. १९९८ साली आम्ही सतव्यात एका जुन्या व्हिलामध्ये राहत होतो. प्लायवूडचे पडदे घालून एका घराच्या नऊ खोल्या केलेल्या, आमच्या खोलीत सहाजण, दुमजली लोखंडी खाटा. 'बेडस्पेस' हा शब्द ज्यांनी भोगला त्यांना अधिक सांगायला नको. शेजारच्या खोलीत चार फिलिपिनी होते. त्यातला एक वयाने मोठा, एसीच्या कामावर जाणारा. त्याचे नाव आम्ही कधी विचारले नाही. सगळे त्याला 'काबायान' म्हणत. काबायान म्हणजे गाववाला, देशवाला. शुक्रवारी आम्ही जुम्म्याला निघायचो तेव्हा तोही इस्त्रीचा शर्ट घालून ऊद मेथाच्या सेंट मेरी चर्चला निघालेला असायचा. दरवाजात भेट झाली की मान हलवायचा.

स्वयंपाकघर एकच होते. एका सकाळी त्याने तुयो तळला. आमच्यातला एकजण उठून बसला आणि ओरडला, "काय सडवलान हाय रे ह्यानं!" दोन-तीनदा असे झाल्यावर आम्ही सहाजण नातूरकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे गेलो आणि तक्रार केली. आम्ही सहा, ते चार. आमची खोली भाडे वेळेवर देणारी. महिन्याच्या आत फिलिपिनी खोली रिकामी झाली. स्वयंपाकघराच्या दारावर इंग्रजीत पाटी लागली की सुकी मासळी शिजवू नये. ती पाटी आम्ही किती दिवस पाळली? गावचा एकजण पुढच्याच आठवड्यात बोंबील घेऊन आला तोवर. आम्ही तो खिडकी उघडून भाजला, आणि नातूरलाही एक दिला. नातूर केरळचा होता, आनंदाने खाल्ला.

या वागण्याला आमची मंडळी तीन कारणे देतात. तिन्ही आम्ही ऐकली आहेत, एके काळी दिलीही आहेत.

पहिले कारण हराम-हलालचे. ते लोक डुक्कर खातात, रक्ताचे कालवण करतात, मग त्यांच्या तव्याजवळ कसे जायचे? खातात, हे खरे आहे. 'दिनुगुआन' हे डुकराच्या रक्तातले कालवण त्यांच्याकडे आवडीचे आहे आणि आम्ही आमची भांडी वेगळी ठेवली यात कुणाचा अपमान नव्हता. पण तक्रार डुकराची नव्हतीच! तक्रार मासळीची होती आणि मासळी हलाल आहे हे मदरशातले सहा वर्षांचे पोरही सांगेल. दीन आमच्या नाकाच्या मदतीला बोलावला गेला, एवढेच. हदीसमध्ये तर याच्या अगदी उलट उदाहरण आहे. पैगंबरांसमोर सांड्याचे, म्हणजे त्या वाळवंटी सरड्याचे भाजलेले मांस आले तेव्हा त्यांनी हात आवरला. हे हराम आहे का, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हटले. माझ्या लोकांच्या मुलखात हे नसते म्हणून मला ते रुचत नाही, एवढेच कारण दिले. आणि खालिद बिन वलीद यांनी तेच मांस त्यांच्या देखत खाल्ले. चव ही मुलखाची असते हे तिथे किती साधेपणाने मान्य केले आहे. खालिदना कुणी दस्तरखानावरून उठवले नाही.

आणि फिलिपिनी म्हणजे डुक्कर खाणारा, हे तरी खरे कुठे आहे? २०२०च्या जनगणनेप्रमाणे त्या देशात शंभरातले सहाहून अधिक लोक मुसलमान आहेत. मिंदानाव आणि सुलूच्या बेटांवरचे मारानाव, मागिंदानाव, ताउसुग. त्यांच्या बायका आखातातल्या घरांत धुणीभांडी करतात, मुले सांभाळतात. ताउसुग लोक खोबरे काळे होईपर्यंत जाळून त्याचा मांसाचा काळा रस्सा करतात, 'तियुला इतुम'. मारानाव बाईला पातीच्या कांद्याची, आल्याची आणि मिरचीची 'पालापा' ही चटणी नसेल तर जेवण गोड लागत नाही. या आमच्या दीनी बहिणी. त्यांचे नाव तरी आमच्या जमातीत कुणी घेतले आहे? आम्ही सतरा वर्षे दुबईत काढली आणि फिलिपाइन्समध्ये मुसलमान आहेत हे आम्हाला तेराव्या वर्षी कळले, तेही एका फिलिपिनी बाईने मशिदीच्या जनानखान्याचा रस्ता विचारला म्हणून.

दुसरे कारण वासाचे. त्यावर काय बोलावे? मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी आपल्याला फ्लॅट नाकारताना काय म्हणतो? "तुमच्याबद्दल काही नाही हो, पण मेंबर लोकांना नॉनव्हेजचा वास चालत नाही." हे वाक्य ऐकून जिना उतरलेला प्रत्येक मुसलमान, प्रत्येक दलित, प्रत्येक कोळी हे ओळखतो की वास निमित्त आहे आणि माणूस नको आहे. त्यावर आपण लेख लिहितो, परिसंवाद घेतो, संमेलनात ठराव मांडतो. अगदी योग्य करतो. पण सतव्यात सेक्रेटरी आम्ही होतो. भाषा तीच होती, फक्त इंग्रजी-हिंदीत.

हे नाक काही आमचेच नाही, ते फार जुने आहे. १९०४ साली अमेरिकेने सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून अधिक फिलिपिनी माणसे आणून वस्त्या करून मांडली होती. त्यातल्या इगोरोत या डोंगरी लोकांचे कुत्रे खाणे बघायला तिकीट काढून गर्दी लोटायची. त्यांच्या डोंगरात तो विधीचा भाग होता. प्रदर्शनात तो रोजचा तमाशा झाला. "ते कुत्रे खातात" हे जे आमचा वलीम्यातला पोरगा सहज बोलून जातो, त्याच्यामागे हे सव्वाशे वर्षांचे तिकीट आहे. २००६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलला सात वर्षांच्या एका फिलिपिनी मुलाला शाळेत वारंवार वेगळे बसवले गेले. अपराध काय, तर तो घरच्या रीतीने काट्याने घास चमच्यात ढकलून चमच्याने जेवत होता. आईने तक्रार केली, मनिलात लोक कॅनडाच्या वकिलातीसमोर जमले आणि २०१० मध्ये तिथल्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने आईच्या बाजूने निकाल देऊन भरपाई द्यायला लावली. सात वर्षांचे पोर! चमचा धरण्यावरून!

तिसरे कारण सर्वांत शहाणपणाचे समजले जाते. कमवायला गेलात ना, मग जिभेचे लाड कशाला? जे मिळेल ते खा, पैसे पाठवा. हे बोलणारे बहुधा पैसे मिळणारे असतात, पाठवणारे नसतात. हाच विचार सरकारे करतात. फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीत १९७४च्या कामगार कायद्याने माणसे परदेशी पाठवणे हे फिलिपाइन्सचे सरकारी धोरण झाले. ते तात्पुरते म्हणून सुरू झाले होते. २०२४ साली या लोकांनी नुसते बँकांमार्फत पाठवलेले पैसे ३४ अब्ज डॉलरच्या वर गेले. १९८८ मध्ये हाँगकाँगला जाऊन राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी मोलकरणींना 'बागोंग बायानी', म्हणजे नवे वीर, अशी पदवी दिली. बागोंग आणि बागोओंग! उच्चारात एका हेलाचा फरक. सरकारने पहिला दिला. दुसऱ्यासाठी त्यांना दोन बस बदलाव्या लागतात.

ज्याला बस बदलून जाता येते तो तरी नशीबवान. जी बाई चोवीस तास मालकाच्या घरात आहे तिने काय करावे? स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आणि चूल दुसऱ्याची. मालकाच्या मुलांना काय आवडते ते तिला झोपेत विचारले तरी सांगता येईल. तिला काय आवडते हे कुणी विचारलेले नसते. आणि आवडीचे राहू द्या, पोटभर मिळण्याचीच जिथे मारामार तिथे काय? २०१८च्या फेब्रुवारीत कुवेतमध्ये एका बंद पडलेल्या फ्लॅटच्या फ्रीजरमध्ये फिलिपिनी मोलकरणीचा मृतदेह सापडला. वर्षाहून अधिक काळ तो तिथे होता. फिलिपाइन्सने माणसे पाठवणे थांबवले, मग मे महिन्यात दोन्ही सरकारांत करार झाला. मालकाने मोलकरणीला अन्न, निवारा आणि कपडे द्यावेत, तिचा फोन काढून घेऊ नये, असे त्या करारात लिहावे लागले. अन्न द्यावे, हे दोन सरकारांनी सही-शिक्क्यानिशी लिहायचे! नोकराने जेवण आणून दिले तर त्याला जवळ बसवा, नाहीतर त्यातला घास-दोन घास तरी द्या, ही शिकवण ज्या मुलखातून आली तिथे हे लिहावे लागले याची आम्हाला शरम वाटते. अमिरातीत घरकामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळायला २०१७ साल उजाडले. सुट्टी नाही तर सतवा नाही, आणि सतवा नाही तर तुयो नाही.

हाँगकाँगमध्ये मालकाने जेवण द्यायचे, नाहीतर भत्ता. २०२३ मध्ये तो किमान १,२३६ हाँगकाँग डॉलर ठरला. तिथे निदान रविवार आहे. शहराच्या मधोमध बँकांच्या इमारतींखाली आणि गाड्यांना बंद केलेल्या चेटर रोडवर पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनी बायका बसतात, डबे उघडतात, एकमेकींच्या बोटांतले खातात. आठवडाभर दुसऱ्याच्या टेबलाला वाढून सातव्या दिवशी फुटपाथवर स्वतःचे जेवतात. त्या गर्दीने शहराची शोभा जाते, असे म्हणणारी मंडळी तिथेही आहेतच. नाक सगळीकडे आहे.

होसे रिझाल हा त्यांचा राष्ट्रपुरुष. स्पेनने त्याला १८९६ मध्ये गोळ्या घातल्या. १८८७ मध्ये बर्लिनला छापलेल्या त्याच्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीत नायक सात वर्षे युरोपात काढून मायदेशी येतो आणि सुरुवातीलाच त्याच्या स्वागताची पंगत बसते. वाढले जाते 'तिनोला', कोंबडीचा साधा घरगुती रस्सा. नायक तो आवडीने खातो, आणि मातबर पाद्रीच्या वाट्याला नुसती मान आणि चिवट पंख येतात म्हणून तो चिडतो. पुढच्या साऱ्या कादंबरीचे वैर त्या वाडग्यात दिसू लागते. म्हणजे ज्या समाजाचा सर्वांत मोठा लेखक परतलेल्या माणसाला आधी जेवायला बसवतो, त्या समाजाला आम्ही जिभेचे लाड सोडा म्हणून सांगणार! आखातावर आमच्या लोकांनी लिहिलेले जे जे आम्ही वाचले, त्यात ड्राफ्ट आहे, विरहात झुरणारी बायको आहे, बांधलेला बंगला आहे. भूक लागलेला माणूस फारसा भेटत नाही.

काबायान आम्हाला पुन्हा भेटला. २००३ असावे. करामातल्या एका फिलिपिनी दुकानात आम्ही केळ्याचे केचप बघत उभे होतो. (हे केचप मारिया ओरोसा या त्यांच्या अन्नशास्त्रज्ञ बाईने काढले, १९४५च्या मनिलाच्या लढाईत ती गेली. चव वाईट नसते.) त्याने आम्हाला ओळखले. आम्ही नजर चुकवणार तोच त्याने विचारले, "तुमच्या खोलीत ते काळे, सुकलेले, आंबट फळ असायचे, ते कुठे मिळते?" आमसुले! आमच्या डब्यातले एक त्याने कधीतरी स्वयंपाकघरात चाखले होते म्हणे. ताजे कामियास दुबईत मिळत नव्हते आणि पाकिटातल्या चिंचेच्या पुडीचा त्याला कंटाळा आला होता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पाव किलो आमसुले घेऊन त्याच्या नव्या जागेवर गेलो. त्याने कोळंबीचे सिनिगांग केले. भांडे नवे होते, कोरे, दुकानाची चिठ्ठी अजून बुडाला चिकटलेली. त्याने ती मुद्दाम आम्हाला दाखवली. कालवण लालसर झाले. त्याने एक घोट घेतला, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, आईच्या हातचे नाही, पण तिच्या गल्लीतले आहे. आम्ही दोनदा भात घेतला.

त्या तक्रारीबद्दल आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. त्यानेही काढली नाही. आमच्या सहीचा कागद नातूरने त्याला दाखवला होता, हे मात्र बोलण्याच्या ओघात कळले. २००८च्या सुमारास सतव्यातली जुनी घरे पाडायला लागले त्यात आमचा व्हिलाही गेला. २०११ मध्ये आम्ही कायमचे गावी आलो. २०१५ मध्ये दुबई मॉलमध्ये जॉलिबी या त्यांच्या कंपनीचे हॉटेल उघडले आणि दारात लांबच लांब रांग लागल्याचे पुतण्याने फोनवर सांगितले, तेव्हा तोही हसत होता. तळलेल्या कोंबडीसाठी कुणी इतका वेळ उभा राहतो का, म्हणाला. त्याला आम्ही विचारले, परवा तुझ्या अम्मीने पाठवलेल्या पार्सलात काय होते?

"बोंबील," तो म्हणाला. "पण चाचा, ते वेगळं."